वीस वर्षांच्या पिकअपला नवे टोइंग मिरर: काच उत्तम, हात समाधानकारक, दिवे नावापुरते

जुन्या पिकअपवर बाजारात मिळणारे टोइंग मिरर, म्हणजे ट्रेलर ओढताना मागचे दिसावे म्हणून बाहेर सरकणारे मोठे आरसे, बसवावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. मात्र जाहिरातीच्या छायाचित्रांत जे सर्वांत जास्त चमकते त्यासाठी नव्हे. या आरशांची खरी किंमत आरसा धरून बाहेर सरकणाऱ्या हातात आणि वर-खाली बसवलेल्या दोन काचांत आहे. त्यांच्यावरचे धुरकट काचेचे इंडिकेटर, पार्किंगचे दिवे आणि जमिनीवर उजेड पाडणारे एलईडी हा बहुतांशी दिखाऊपणा आहे, आणि पुढे दुरुस्तीचे काम निघते तेही बहुधा त्यांच्याच पायी. हे परीक्षण २००४ सालच्या शेव्हरोले सिल्व्हराडो १५०० या गाडीवर बसवलेल्या जोडीचे आहे. जोडी दोनशे डॉलरच्या आसपास मिळाली. विकणाऱ्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच साच्यातून निघालेले हे आरसे निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या खोक्यांतून विकले जातात, आणि आज एका नावाने मिळणारी वस्तू पुढच्या वर्षी दुसऱ्याच नावाने दारात येऊ शकते.

गाडी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात असते, आणि तिच्यामागे जोडला जाणारा ट्रेलर आमच्या ढोल-ताशा पथकाचा आहे. साडेआठ फूट रुंद आणि वीस फूट लांब अशा या बंद ट्रेलरमध्ये ढोल, ताशे, ध्वज आणि कधीकधी मंडपाचे खांबही असतात, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत तो शहरातल्या शहरात तर फिरतोच, पण आय-४५ महामार्गावरून ह्यूस्टनपर्यंतही जातो. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरवाला वेळ पडली तर मान वळवून मागे पाहू शकतो. बंद ट्रेलर जोडलेल्या पिकअपमध्ये ती सोय नाही. आतला मधला आरसा तर ट्रेलरची पुढची पांढरी भिंत दाखवण्यापलीकडे काहीच करत नाही. म्हणजे मागचे सारे जग बाहेरच्या दोन आरशांतूनच दिसायचे.

आरसा किती बाहेर हवा याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. या पिढीच्या सिल्व्हराडोची रुंदी आरसे सोडून ७८.५ इंच आहे आणि ट्रेलरची १०२ इंच, म्हणजे ट्रेलरची भिंत गाडीच्या अंगापासून दोन्ही बाजूंना पावणेबारा इंच बाहेर येते. मूळच्या लहान आरशाची बाहेरची कड गाडीच्या अंगापासून दहा इंचांवर धरली, तर तीसुद्धा ट्रेलरच्या भिंतीच्या आतच राहते. आरशापासून ट्रेलरचा पुढचा कोपरा सोळा-सतरा फुटांवर असतो. त्या कोपऱ्याला चुकवून मागे पाहायचे तर नजरेची रेषा बाहेरच्या बाजूला तिरकी न्यावी लागते, आणि ती जितकी मागे जाईल तितकी आपल्या लेनपासून दूर सरकते. शेजारच्या लेनमधली गाडी दिसते, पण आपल्या पाठीमागे कोण आहे हे अजिबात कळत नाही. आता आरसा बाहेर ओढून त्याची कड अठरा इंचांवर नेली की हीच रेषा आतल्या बाजूला कलते, ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याला लागून पुढे जाते आणि आरशापासून दोनशे फुटांवर ट्रेलरच्या भिंतीच्या रेषेहून सव्वादोन फूट आत पोहोचते. मागून येणारी मोटार त्यात पूर्ण दिसत नाही, पण तिचा एक हेडलाइट दिसतो, आणि रात्रीच्या महामार्गावर कोणीतरी मागे आहे हे कळायला तेवढा पुरतो. टोइंग मिररसाठी मोजलेले पैसे या आठ इंचांसाठी आहेत, हे लक्षात ठेवले की खरेदीच्या वेळी बाकीच्या मोहांपासून बराच बचाव होतो.

दोनशे फुटांचा आकडा मी सहज घेतलेला नाही. टेक्सासच्या वाहतूक संहितेतील ५४७.६०२ या कलमानुसार प्रत्येक मोटार वाहनाला, दुसरे वाहन ओढणाऱ्या वाहनालासुद्धा, मागचा किमान दोनशे फूट रस्ता दाखवणारा आरसा असावा लागतो; कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही हेच अंतर आहे. खासगी गाड्यांची दर वर्षी होणारी सुरक्षा तपासणी टेक्सासने १ जानेवारी २०२५ पासून बंद केली आणि आमच्या भागात आता फक्त धुराची तपासणी उरली, त्यामुळे आरसा धड आहे की नाही हे पाहणारा कोणी राहिलेला नाही. कलम मात्र जागच्या जागी आहे.

काचेविषयीही एक नियम माहीत असणे उपयोगाचे आहे, विशेषतः भारतात गाडी चालवून इथे आलेल्या वाचकांना. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंचे आरसे बहिर्गोल असतात. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक १११ प्रमाणे चालकाच्या, म्हणजे डाव्या बाजूचा आरसा सपाट असावा लागतो. उजवीकडचा आरसा बहिर्गोल असला तर त्याच्या वक्रतेची त्रिज्या ८८९ ते १,६५१ मिलिमीटरच्या दरम्यान असावी लागते आणि आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत ही सूचना काचेवर कोरावी लागते. ४,५३६ किलोपर्यंतच्या एकूण वजनाच्या पिकअपला दुसरा पर्यायही दिलेला आहे: दोन्ही बाजूंना सपाट आणि प्रत्येकी किमान १२६ चौरस सेंटिमीटरचे आरसे. माझ्या जोडीत दोन्हीकडच्या वरच्या मोठ्या काचा सपाट आणि खालच्या लहान काचा बहिर्गोल आहेत. उजवीकडे सपाट काच आल्यामुळे पहिले काही दिवस शेजारची गाडी नेहमीपेक्षा मोठी आणि अंगावर आल्यासारखी वाटत राहते, पण अंतराचा अंदाज खरा येतो, आणि ट्रेलर घेऊन लेन बदलताना खऱ्या अंदाजाची किंमत फार मोठी आहे.

हे आरसे घेण्याआधी दोन पर्याय मी बाजूला ठेवले. पहिला पर्याय मूळच्या आरशावर पट्ट्याने किंवा चिमट्याने अडकवायच्या जोडआरशांचा. भाड्याच्या ट्रेलरसाठी वर्षातून एकदा लागत असतील तर ते ठीक आहेत, पण महामार्गाच्या वेगात त्यांची काच इतकी थरथरते की दिव्यांच्या नुसत्या रेघा दिसतात. दुसरा पर्याय, कारखान्यातूनच या मॉडेलसाठी आलेले मोठे आरसे भंगाराच्या यार्डातून मिळवण्याचा, आणि तो मला आजही मोह घालतो. त्या आरशांचा हात अधिक घट्ट असतो, घडीची स्प्रिंग दमदार असते आणि दाराशी बसणारी बैठक नेमकी असते. अडचण वयाची आहे. टेक्सासच्या उन्हात वीस उन्हाळे काढलेल्या प्लास्टिकची पकड कुठे तुटेल याचा भरवसा नसतो, आणि यार्डातला माणूस जोडी क्वचितच देतो. बहुतेक वेळा एका बाजूचा आरसा मिळतो आणि दुसरा शोधण्यात मोसम निघून जातो. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि हात काळे करण्याची हौस आहे त्यांनी याच वाटेने जावे, असे मी आवर्जून सांगेन.

मागणी नोंदवताना एक बाब काटेकोरपणे पाहावी लागते. सिल्व्हराडोची ही पिढी १९९९ ते २००६ पर्यंत आणि ‘क्लासिक’ या नावाने २००७ मध्येही विकली गेली. दार तेच आणि आरशाच्या बैठकीचे तीन स्टडही (नट बसतात ते आटे पाडलेले खिळे) तेच, पण २००३ पासून गाडीची विद्युतरचना बदलली आणि आरशाचा प्लगही बदलला. त्यामुळे विक्रेते १९९९ ते २००२ आणि २००३ ते २००७ अशा दोन वेगळ्या जोड्या विकतात. चुकीची जोडी दारावर अगदी व्यवस्थित बसते आणि मग काच हलत नाही. शिवाय आपल्या गाडीला मुळात विजेवर हलणारे आणि तापणारे आरसे होते का, हे आधी पाहावे. डॅशबोर्डच्या झाकणाच्या कप्प्यात (ग्लोव्ह बॉक्समध्ये) चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर गाडीबरोबर आलेल्या सर्व सुविधांचे सांकेतिक क्रमांक छापलेले असतात, आणि ही पट्टी विक्रेत्याच्या कोष्टकापेक्षा जास्त विश्वासार्ह आहे.

बसवण्याचे काम सोपे आहे. आरशाच्या आतल्या बाजूचे त्रिकोणी झाकण हाताने ओढून निघते. त्यानंतर खिडकीच्या बटणांची पट्टी उचकटून तिचे प्लग काढावे लागतात, सात मिलिमीटरचे स्क्रू सोडवावे लागतात आणि दाराचे आतले पॅनेल वर उचलून बाहेर काढावे लागते. आरसा तीन नटांवर बसलेला असतो आणि त्यांना दहा मिलिमीटरचा गोटी पाना लागतो. शेवटचा नट सोडवताना बाहेरून कोणीतरी आरसा धरून उभे असावे, कारण मोठा आरसा वजनदार असतो आणि नट निघताच तो दाराच्या रंगावर लोंबतो. तिन्ही नट काढण्यापूर्वी दाराच्या आतल्या पोकळीत एक जुने फडके कोंबून ठेवले तर निसटलेला नट तळाशी जाऊन खुळखुळत राहण्याची भीती राहत नाही. पॅनेलच्या प्लास्टिकच्या क्लिपा जुन्या गाडीत काही तुटणारच, म्हणून त्यांचे पाकीट आधीच आणून ठेवावे.

बैठकीखालचा फोम हा या जोडीतला पहिला कच्चा दुवा. मूळच्या आरशाखालचा फोम दाट होता आणि दाराच्या वळणावर चेपून बसत असे; नव्या जोडीबरोबर आलेला फोम पातळ आणि भुसभुशीत आहे. तो तसाच ठेवला तर ताशी साठ मैलांच्या पुढे शिट्टीसारखा बारीक आवाज येतो आणि जोराच्या पावसात पाण्याची एक ओहळ त्रिकोणी झाकणामागून आत उतरते. मी बंद रंध्रांचा काळा फोम, जो दारे-खिडक्यांच्या फटींसाठी कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, बैठकीच्या आकाराचा कापून लावला. आवाजही गेला आणि पाणीही. दोन-चार डॉलरचा हा फोम मूळ खोक्यातच का नसावा, हे मला समजलेले नाही.

आता तारांविषयी, कारण या वस्तूबद्दलची माझी मुख्य तक्रार तिथे आहे. काच हलवण्याची आणि तापवण्याची जोडणी मूळ प्लगमधूनच होते आणि ती निर्दोष आहे. मागच्या काचेच्या डिफॉगरचे, म्हणजे काच तापवून दव घालवणाऱ्या सोयीचे, बटण दाबले की आरशांच्या वरच्या काचाही तापू लागतात आणि सकाळचे दव थोड्या वेळात निघून जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये पडलेली थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. इंडिकेटर आणि पार्किंगच्या दिव्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच इंडिकेटरवाले आरसे आले होते त्यांच्या दारापर्यंत ती तार आलेली असते. इतरांना ती दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून नव्याने ओढावी लागते. ही नळी अरुंद आहे, आत आधीच तारांची जुडी भरलेली आहे, आणि संपूर्ण कामातला सर्वाधिक वेळ या वीतभर अंतरात जातो. त्यानंतर डॅशबोर्डखाली टेस्ट लॅम्प (तारेत वीज आहे का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून इंडिकेटरची नेमकी तार शोधायची आणि तिला फाटा द्यायचा. रंग पाहून अंदाज करू नये, कारण वीस वर्षांत या गाडीत कोणी कोणता रेडिओ, अलार्म किंवा ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर बसवला असेल आणि कोणती तार कुठे वळवली असेल हे सांगता येत नाही.

खोक्यात फाटा देण्यासाठी निळ्या प्लास्टिकच्या चिमट्यासारख्या जोडण्या दिलेल्या आहेत. त्या सरळ फेकून द्याव्यात. या जोडणीचे पाते तारेचे आवरण कापून आत शिरते आणि तारेच्या काही शिरा त्यातच तुटतात. मग दमट हवेत तांबे हिरवे पडू लागते आणि वर्षा-दोन वर्षांत दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. तारेचे आवरण थोडेसे सोलून, फाटा गुंडाळून, सोल्डर करून वर उष्णतेने आकसणारी नळी चढवली की तो प्रश्न कायमचा मिटतो. पार्किंगच्या दिव्यांच्या फाट्यावर स्वतंत्र लहान फ्यूज लावावा. इतके करून हाती काय लागते? दिवसाच्या उन्हात तो धुरकट इंडिकेटर शेजारच्या चालकाला जेमतेम दिसतो. गाडीचे मूळ बल्ब जागेवर असल्यामुळे इंडिकेटर जलद लुकलुकण्याची भीती नसते, एवढे खरे. पण ज्याला तारांचे काम करायचे नाही त्याने हे दिवे न जोडता तसेच सोडून दिले तरी आरशाच्या उपयोगात काडीचाही फरक पडणार नाही.

अपवाद एकाच दिव्याचा. आरशाच्या खालच्या अंगाला असलेला पांढरा एलईडी मी रिव्हर्सच्या दिव्याला जोडला आहे, आणि रात्री अंगणात किंवा मंदिराच्या मागच्या अंधाऱ्या वाहनतळावर ट्रेलर मागे घेताना तो ट्रेलरच्या चाकांपर्यंतची जमीन उजळतो. कडेचा दगडी काठ, पाण्याचा नळ, कोणीतरी विसरलेली खुर्ची हे सगळे खालच्या बहिर्गोल काचेत स्पष्ट दिसते. या एका दिव्यासाठी केलेले कष्ट वाया गेले असे मला वाटत नाही.

रस्त्यावरच्या वापरात वरच्या काचेबद्दल तक्रारीला जागा नाही. प्रतिमा सरळ आहे, कडांना लाटा नाहीत, आणि मागच्या गाडीचे दिवे रात्री दुहेरी दिसत नाहीत. मूळच्या आरशात असलेली आपोआप मंद होण्याची सोय मात्र या किमतीत मिळत नाही, आणि उंच पिकअप मागे लागली की तिचे प्रखर दिवे डोळ्यांवर येतात. खालची काच हाताने हलवावी लागते. ती एकदा लावली की पुन्हा हात लावावा लागत नाही, म्हणून ही उणीव मी मोजत नाही. हात बाहेर ओढताना आणि आत ढकलताना पुरेसा जोर लागतो आणि तो मधे कुठेही थांबत नाही: एक तर पूर्ण आत, नाही तर पूर्ण बाहेर. ट्रेलर नसताना आरसे आत घेतले तरी ते मूळच्या आरशांपेक्षा बरेच मोठे राहतात आणि डावीकडे वळताना चौकातला एखादा पादचारी त्यांच्या आड लपू शकतो, त्यामुळे वळताना थोडे पुढे वाकून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

आरसे लावण्याची रीत बहुतेकांना नीट माहीत नसते. ट्रेलर जोडून गाडी आणि ट्रेलर एका सरळ रेषेत उभे करावेत. वरच्या काचेत ट्रेलरची भिंत आतल्या कडेला बारीक पट्टीएवढी दिसावी आणि क्षितिज काचेच्या मध्याच्या थोडे वर यावे. भिंत अजिबात दिसत नसेल तर ट्रेलर वळणावर कुठे जातो आहे हे कळायला संदर्भ राहत नाही, आणि निम्मी काच भिंतीनेच भरली असेल तर आठ इंचांसाठी दिलेले पैसे फुकट गेले. खालच्या काचेत ट्रेलरची चाके आणि त्यांच्या शेजारची लेनची पांढरी रेघ दिसली पाहिजे.

आता दुरुस्ती. पहिल्या मोसमातच उजव्या आरशाची वरची काच ताशी सत्तर मैलांच्या आसपास थरथरू लागली. बाहेरचे कवच घट्ट होते, हात घट्ट होता, पण आतली काच ज्या मोटरच्या चकतीवर बसते त्या चकतीत खेळ होता. असे झाले की लोक आख्खा आरसा बदलतात, आणि ती गरज बहुधा नसते. काचेचा वरचा भाग बटणाने पूर्ण आत झुकवला की खालची कड पुढे येते. तिथे बोटे घालून समान जोराने आपल्याकडे ओढले की काच तिच्या प्लास्टिकच्या पाटीसह क्लिपांतून सुटते. हिवाळ्यात हे काम करायचे असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने आधी गरम हवा द्यावी, नाही तर थंड प्लास्टिक तडकते. मागे तापवण्याच्या दोन चपट्या पिना असतात. त्या ओढताना तारेला नव्हे, पिनेला धरावे. पाटीच्या चारही कोपऱ्यांवर मी तोच काळा फोम नखाएवढ्या तुकड्यांत चिकटवला, इतक्याच जाडीचा की तो मोटरच्या घराला हलकासा टेकेल पण काच झुकण्याला अडवणार नाही. काच परत बसवताना मधोमध तळहाताने दाबत राहायचे आणि क्लिपांचा खटका ऐकू येईपर्यंत थांबायचे नाही. थरथर जवळजवळ गेली आहे. पंचाहत्तरच्या पुढे थोडी जाणवते, आणि ट्रेलर घेऊन त्या वेगाने जाण्याचे कारणही नाही.

मोटरच्या आवाजाबद्दलही गैरसमज असतो. काच टोकाला पोहोचल्यावर येणारा टक-टक आवाज हा आतला क्लच घसरल्याचा आहे आणि तो दोष नव्हे. मधल्याच स्थितीत टक-टक होत असेल आणि काच हलत नसेल, तर आधी पाटी क्लिपांत नीट बसली आहे का हे पाहावे आणि मगच मोटरच्या प्लास्टिकच्या दात्यांवर संशय घ्यावा. मोटर वेगळी मिळते आणि ती आतल्या तीन-चार स्क्रूंवर बसते. काचही पाटीसकट वेगळी मिळते, आणि जोडी घेतानाच उजवीकडची एक जास्तीची काच घेऊन ठेवावी असे मी सुचवेन, कारण हे साचे बाजारातून कधी नाहीसे होतील याचा नेम नाही.

दुसरी दुरुस्ती इंडिकेटरच्या काचेत साठलेल्या पाण्याची. तिच्या जोडाची फट कारखान्यात नीट भरलेली नव्हती. काच उतरवून कोरडी केली, जोडावर पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढली आणि तळाशी सुईएवढे भोक पाडले, कारण कितीही बंद केले तरी थोडा दमटपणा आत जातोच आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी. दोष किरकोळ आहे, पण ज्या दिव्यांसाठी किंमत वाढवली आहे त्यांच्याच बांधणीत तो असावा, हे बोलके आहे.

पथकातल्या एका मित्राकडे याच पिढीची गाडी आहे आणि तिला कारखान्यातलेच मोठे आरसे आहेत. त्याच्या चालकाच्या बाजूची आपोआप मंद होणारी काच पिवळसर पडून कडेने तिच्यातला द्राव ओघळू लागला होता. तशा काचेला उपाय नाही, ती बदलावीच लागते. बदलताना हातमोजे घालावेत आणि तो द्राव दाराच्या रंगावर पडू देऊ नये. त्याने साधी तापणारी काच बसवली, तिचा खर्च माझ्या जोडीच्या एक चतुर्थांशही आला नाही, आणि त्याचा आरसा आज माझ्यापेक्षा स्थिर आहे. कारखान्याचा हात शाबूत असेल तर नवी जोडी घेण्याच्या फंदात पडू नये, हे मी त्याच्या गाडीवरून म्हणतो.

इतर कंपन्यांच्या जुन्या गाड्यांचे मालक विचारतील म्हणून थोडक्यात सांगतो. १९९९ ते २००७ च्या फोर्ड सुपर ड्यूटीला कारखान्याचे बाहेर सरकणारे आरसे मिळत असत आणि त्यांचे सुटे भाग आजही भरपूर मिळतात, त्यामुळे तिथे दुरुस्तीच परवडते. जुन्या डॉज रॅमचे मोठे आरसे बाहेर सरकत नाहीत, तर आडव्याचे उभे होतात. त्यांच्या बाबतीत फिरण्याचा सांधा ढिला झाला आहे का एवढेच आधी पाहावे.

घेण्यापूर्वी घराच्या गॅरेजचे दार मात्र मोजून पाहावे. एका गाडीचे दार बहुधा आठ फुटांचे, म्हणजे ९६ इंचांचे असते, आणि हे आरसे आत घेतलेले असले तरी घडी घातल्याशिवाय गाडी त्यातून जात नाही. या जोडीची घडी हाताने घालावी लागते, म्हणजे रोज संध्याकाळी दारापाशी थांबून, काच खाली करून डावा आरसा आणि खाली उतरून उजवा. स्वयंचलित कार वॉशमध्येही तेच, आणि तिथे फिरणाऱ्या ब्रशांनी घडी उलटी वळवू नये म्हणून मी गाडी हातानेच धुतो. विजेवर घडी होणारी जोडी थोड्या जास्त पैशांत मिळते. ज्याची गाडी रोज गॅरेजमध्ये जाते त्याने दिव्यांवरचे पैसे वाचवून ते तिथे घालावेत.